‘पेशी लाखाखाली गेल्या, लगेच चढवा’ : या मेसेजमध्ये काय चुकतंय?

डेंगीचे दिवस आले की हा मेसेज फिरायला लागतो: ‘मुलाच्या पेशी लाखाच्या खाली गेल्या की ताबडतोब प्लेटलेट चढवून घ्या. तान्ह्याच्या प्लेटलेट कच्च्या असतात, त्याला तर आधी. चढवल्या की धोका टळला. पपईच्या पानांचा रस सुरू करा.’

‘लाखाच्या खाली’: इथे पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठवून थांबवणाऱ्या. तान्ह्यापासून शाळकरी मुलापर्यंत त्यांचा नेहमीचा आकडा दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख. लाख म्हणजे कमीच, पण तेवढ्याने रक्त वाहू लागत नाही. आधी आकडा खरा आहे का ते बघा. बाळाची टाच दाबून दाबून काढलेलं रक्त नळीत पोचेपर्यंतच गोठायला लागतं, प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र ते मोजत नाही. स्लाइडवर पुंजके दिसले तर शिरेतून पुन्हा नमुना घ्यावा.

‘कच्च्या असतात’: हे अर्धसत्य. नवजात बाळाच्या प्लेटलेट थ्रॉम्बिन, कोलॅजन या त्यांना कामाला लावणाऱ्या पदार्थांच्या इशाऱ्याला खरंच मंद प्रतिसाद देतात. पण त्याच रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्या प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. प्लेटलेटना भिंतीशी चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड घटकही भरपूर, शिवाय लांब साखळ्यांचा. म्हणून पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचं रक्त चाचणीत मोठ्यांपेक्षा थोडं लवकरच थांबतं. या जुळलेल्या घडीत मोठ्या माणसाच्या चपळ प्लेटलेट ओतल्याने तोल ढळत असावा, अशी शंका आहे. तिला कारणही आहे: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्लॅनेट-२ चाचणीत ३४ आठवड्यांआधी जन्मलेली ६६० बाळं होती. ५० हजारांखाली जाताच प्लेटलेट दिलेल्या गटात मृत्यू किंवा नवा मोठा रक्तस्राव २६ टक्के, २५ हजारांपर्यंत थांबलेल्या गटात १९.

‘चढवल्या की धोका टळला’: डेंगीत मूल दगावतं ते बहुधा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होऊन, गेल्यामुळे. ताप उतरला म्हणून घरात हायसं वाटतं, तेव्हाचेच २४ ते ४८ तास नाजूक. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतोय आणि प्लेटलेट पडताहेत, ही जोडी बघा. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, मूल मलूल, हातपाय गार, लघवी कमी: रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. प्लेटलेट लागतात त्या मोठ्या रक्तस्रावात, साधारण किलोमागे १० ते १५ मिली.

पपईचं म्हणाल, तर काही अभ्यासांत आकडा थोडा लवकर वाढला; शॉक टळतो असं दिसलेलं नाही. आधीच उलट्या करणाऱ्या मुलाला तो कडू रस पाजला की पोटातलं ओआरएसही बाहेर येतं. तापाला पॅरासिटॅमॉलच द्या. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. ती उरलेल्या प्लेटलेटचंच काम अडवतात.