आधी ट्रक, मग घर

मोटरहोम घेतल्यापासून लोकांचे फोन येतात, मेसेज येतात. प्रश्न ठरलेले. पलंग किती बाय कितीचा? संडास आतच का? एसी रात्रभर चालतो का? टीव्ही कुठं लावला? मागच्या चाकांवर वजन किती येतं, हे मात्र कोणी विचारत नाही. गाडी घ्यायची की नाही, कोणती घ्यायची, हे ठरवणारा खरा प्रश्न माझ्या मते तोच आहे.

मोठी मोटरहोम म्हणजे बसच्या किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेली खोली. आमची सात मीटरच्या वर लांब आणि तीन मीटरहून उंच आहे. ती घर म्हणून घेणारा माणूस सहा महिन्यांत वैतागतो. ट्रक म्हणून घेतली तर मजा येते, कारण मग सांभाळायची कशी हे शिकायला कुठं लांब जावं लागत नाही. आपल्या विदर्भात हे ज्ञान गावोगावी पडलेलं आहे. जिनिंगच्या धरमकाट्यावर (जिथं भरल्या गाडीचं वजन होतं), हायवेच्या टायरवाल्याकडे, एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरकडे, कुलर बांधणाऱ्याकडे. परदेशी व्हिडिओ बघून गाड्या सजवणाऱ्यांना हे लोक दिसतच नाहीत.

वजनाचं आधी सांगतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी भरली की दोन क्विंटल झाले. त्यात बॅटऱ्या, गॅस, गाद्या, भांडी, सहा माणसं आणि बायकोच्या माहेरून निघालेलं तुरीच्या डाळीचं पोतं. चासीला एकूण किती वजन मंजूर आहे ते आरसीवर लिहिलेलं असतं. बांधणाऱ्याने आतलं सागवानी फर्निचर चढवतानाच त्यातलं बरंचसं खाऊन टाकलेलं असतं. म्हणून गाडी पूर्ण भरून, माणसांसकट, काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं, मग फक्त मागची चाकं. तीन पावत्या मिळतात. त्यावरून पुढं किती, मागं किती ते कळतं, आणि टायरमध्ये हवा किती भरायची हेही त्यावरूनच ठरतं. कापसाच्या हंगामात काट्यावर गाड्यांची रांग असते, तेव्हा उन्हाळ्यात किंवा भल्या सकाळी जा. काट्यावरचा माणूस हसेल. हसू द्या.

पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्याही मागं टांगलेली असेल तर गाडीचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. अशी गाडी स्वस्तात मिळत असली तरी मी घेणार नाही.

टायर. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, ते म्हातारे होऊन जातात. गाडी वर्षातले कितीतरी महिने उभी, वर आपलं मे महिन्याचं ऊन. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षं झाली की दर वर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचे, आणि सात वर्षांपुढं नक्षी कितीही चांगली असली तरी मी ठेवत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर चढलेलं दिसतं म्हणून कोणी हवा सोडायला सांगेल, अजिबात सोडू नका. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. मागं जोडचाकं असतील तर आतल्या टायरकडं कोणाचं लक्ष नसतं. ट्रकवाले धाब्यावर उतरले की सळईने एकेक टायर ठोकून आवाज ऐकतात, ते उगाच नाही. दोन टायरच्या मध्ये अडकलेला दगडही तेव्हाच सापडतो.

समृद्धी महामार्गावर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. रस्ता सरळ, काँक्रीटचा, आणि वेग आपोआप चढत जातो. शेजारून कारवाले १२०ने जातात, जाऊ द्या. अशा गाडीला ८० पुरे, आणि उन्हाळ्यात दुपारी निघायचंच नाही.

कागदांचं थोडक्यात. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, त्यावर गेलं की जड वाहनाचा परवाना लागतो. आणि जुनी स्कूलबस घेऊन गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पलंग ठोकून घ्यायचा बेत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, आधी वाचा. आरसीवर बस आणि आत बेडरूम, अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण जातं. मोटर कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी असलेली बांधणीच घ्या. पैसे जास्त जातात हे खरं आहे.

आता चालवणं. हायवेवर कोणीही चालवेल, कस लागतो तो गावात शिरताना. मागचं चाक आतून कापतं, म्हणून वळण मोठं घ्यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मागच्या चाकांच्या मागं जो दीड-दोन मीटर भाग लटकतो, तो वळताना उलट्या बाजूला बाहेर फेकला जातो. डावीकडं वळलात की शेपूट उजवीकडं जातं, आणि तिथं पानटपरी नाहीतर विजेचा खांब असतो. मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवून हे एकदा शिकून घ्या. वरती विजेच्या तारा, लग्नाच्या मांडवाच्या दोऱ्या, कमानी. गाडीची उंची, वरच्या एसीच्या खोक्यासकट, मोजून ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर लिहून चिकटवा. रेल्वे फाटकं बंद होऊन जागोजागी बोगदे झाले आहेत, तिथं उंचीची पाटी वाचायची आणि पावसाळ्यात पाणी साचलेलं दिसलं की मागं फिरायचं. रिव्हर्स घेताना मागं माणूस हवाच. "आने दो, आने दो" म्हणणारे दहा जण जमतात, त्यातल्या आरशात दिसणाऱ्या एकाचंच ऐकायचं. कॅमेरा आहे म्हणून माणूस नको, असं मानणाऱ्याने मागची काच स्वस्त मिळते का ते विचारून ठेवावं.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं, त्या दाण्यांवर जड गाडीचा ब्रेक लागत नाही. नोव्हेंबरपासून कापसाच्या गाड्या निघतात, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या आणि मागं लाईट नसलेल्या. रात्री रोही, म्हणजे नीलगायी, आडवे येतात. एक रोही रस्ता ओलांडून गेला की थांबून राहा, मागून अजून असतात. म्हणून माझा नियम आहे, दिवस मावळला की गाडी लावायची. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलात तर उतरताना त्याच गिअरमध्ये उतरा ज्यात चढला असता. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याच्या गाडीचा वास पुढच्या वळणापर्यंत येतो.

गाडी लावायची कुठं, हा आपल्याकडचा सगळ्यात अवघड भाग, आणि त्याचं कारण काळी माती. उन्हाळ्यात ती सिमेंटसारखी कडक. मित्राचं वावर दिसतं, धुऱ्यावर आंब्याचं झाड दिसतं, बायको-पोरं म्हणतात इथंच राहू. एक सर आली की तीच माती फुगते, लोण्यासारखी होते आणि सहा टनांची गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते. एक्सिलेटर दिला की आणखी खोल. एका शेतकऱ्याने आम्हाला संध्याकाळी येऊन सांगितलं होतं, "भाऊ, आभाळ भरून आलं, गाडी आत्ताच डांबरीवर काढा. राती पानी पडलं त मंग टॅक्टर आनलं तरी थेबी फसन." त्याचं ऐकलं आणि झोप मिळाली. मार्चनंतर अवकाळीचा भरवसा नाही, त्यामुळं मुरूम टाकलेली जागा, पेट्रोलपंपाचं आवार, धाबा, शाळेचं पटांगण, काहीही चालेल, पण परवानगी विचारून आणि खाली कडक जमीन बघून. जॅकखाली घालायला सागाच्या दोन जाड फळ्या कायम गाडीत. पांदण रस्त्यात शिरायचं असेल तर आधी पायी जाऊन शेवटपर्यंत बघून यायचं, वळायला जागा आहे की नाही ते.

आता एसी. दीड टनाचा एसी चालता चालता ताशी साधारण दीड युनिट घेतो. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिटसुद्धा नाही. हिशेब करा, जेमतेम दीड तास. रात्रभर एसी हवा असेल तर बॅटऱ्यांचा ढीग किंवा जनरेटर. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड झोपलेल्या माणसाला मारतो, त्याला वासही नसतो, म्हणून तो मला गाडीजवळ नकोच. त्यापेक्षा आपला कुलर. दिल्लीवाले, पुणेवाले नाक मुरडतात, पण एप्रिल-मेमध्ये विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४५ असताना वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा अंगाला गार लागते. छोटा पंखा आणि पंप मिळून शंभर-दीडशे वॅट. त्याच बॅटरीवर रात्र निघते. खिडकीला बसेल असा चपटा कुलर आपल्याकडचे कारागीर बांधून देतात, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर दमट होऊन अंग चिकचिकतं. तोटा दोन गोष्टींचा. पाणी भरपूर पितो, आणि मृग लागून हवेत ओल आली की त्याचा उपयोग संपला. तेव्हा एसी, तोही मुक्कामाच्या जागी वीज मिळाली तर. फ्रिज मात्र कॉम्प्रेसरचाच घ्या. गॅसवर चालणारे परदेशी फ्रिज गाडी तिरपी उभी असली की कुरकुरतात, आणि आपल्या उन्हात हात टेकतात.

पाणी कुठून भरता याकडंही लक्ष हवं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी खारं. दर्यापूरकडं टाकी भरली की पंप, गिझरची कॉईल आणि कुलरचा वाळा तिन्हींवर पांढरा थर चढतो. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. नळयोजनेचं पाणी भरा, पिण्याचं वेगळं ठेवा.

आणि घाण पाणी. गाडगेबाबा ज्या अमरावती जिल्ह्यात जन्मले तिथल्या नाल्यात रात्री संडासाची टाकी सोडून देणारे मोटरहोमवाले आहेत, हे लिहायलाही लाज वाटते. आपल्याकडं टाकी रिकामी करायची अधिकृत सोय बहुतेक ठिकाणी नाही. ओळखीच्या घरी किंवा धाब्यावर सेप्टिक टँक असतो, विचारायचं, पैसे द्यायचे, जागा धुऊन द्यायची. टाकीत कडक रसायन टाकलं तर त्या माणसाच्या सेप्टिकमधले जंतू मरतात, म्हणून जैविक पावडरच वापरा.

बीएस-सहाची, म्हणजे धुराच्या नव्या मानकाची, डिझेल गाडी असेल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही. सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये काजळी साचते आणि गाडी ती मधूनमधून स्वतः जाळते, तेव्हा खालचा भाग भयंकर तापतो. अशा वेळी सोयाबीन काढलेल्या वावरात, कुटारावर, म्हणजे वाळलेल्या भुशावर, गाडी उभी केली तर आग लागायला काडीपेटी लागत नाही. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला असेल तर तासभर हायवेवर पळवा, मगच लावा. धूर स्वच्छ करायला गाडीला लागणारा यूरिया म्हणजे पंपावर मिळणारं द्रावणच (डीईएफ), हेही सांगून ठेवतो, कारण आमच्या गावात एका भल्या माणसाने कृषी केंद्रातली गोणी आणून देऊ का विचारलं होतं.

गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळतीचा अलार्म खाली, जमिनीलगत लावायचा आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं. बांधणाऱ्यांपैकी बरेच जण तो छताला लावतात!

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. महिन्यातून एकदा वीस-तीस किलोमीटर फिरवा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका. मे संपायच्या आत छतावर चढून प्रत्येक जोड, प्रत्येक स्क्रू, एसीच्या भोवतीची फट बघा आणि सीलंट नव्याने भरा, कारण पाणी आत शिरलं की प्लायवूड आतून कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. तुरी काढून झाल्या की वावरातले उंदीर आसरा शोधतात, त्यांना वायरिंगचं इन्सुलेशन फार आवडतं. तळाला पाईप जिथून आत येतात ती सगळी भोकं जाळीने बंद करा. अन्नाचा कण ठेवू नका, गाडीत पडलेला एक शेंगदाणा पुरतो.

जुनी घ्यायला निघालेल्यांना विनंती, मला आतल्या सोफ्याचे फोटो पाठवू नका. आरसीचं एकूण वजनाचं पान, सहाही टायरवरचे चार आकडे आणि छताच्या कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो पाठवा, मग बोलू. मालक काट्यावर गाडी न्यायला नाही म्हणत असेल तर तेही कळवा.