बंद गाडीची टिकटिक म्हणजे इंजिन गेलं असं नाही

'मोटरसायकल बंद केल्यावर टिकटिक आवाज आला तर इंजिन बसायला आलंय, लगेच हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलून घ्या' असा मेसेज सध्या फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. चांगल्या गाड्यांची इंजिनं यापायी विनाकारण खोलली जातील, म्हणून हा खुलासा.

ती टिकटिक तापलेला धातू गार होताना येते. सायलेन्सरचा बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून निघणारा वाकडा पाइप, सगळ्यात जास्त तापतो. गाडी बंद केली की पाइप, त्यावरचा पत्रा, इंजिनच्या फिन (बाहेरच्या पातळ पात्या) सगळंच आकसतं, पण एका वेगाने नाही. जोडावर ताण येतो, तो सुटताना 'टक्' होतं. परवा घाट चढून आल्यावर मी गाडीशेजारी बसून ऐकलं. आधी भराभर, मग अडखळत, आणि थोड्या वेळाने सगळं शांत. इंजिन फिरतच नव्हतं, मग झिजणार काय?

काळजीचा आवाज इंजिन चालू असताना येतो. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर पिळल्यावर टकटक त्याच लयीत वाढली, तर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) किंवा टायमिंग चेन (इंजिनच्या आतली, व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी चेन) बघायला सांगा. त्याआधी ऑइलची पातळी तपासा. ऑइल कमी असलं तरी हेड वाजतं. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर आधी क्लचकडे बघा. चाकाच्या वेगाबरोबर वाढला तर चाकाची चेन, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) नाहीतर चाकाचं बेअरिंग. आणि टॅपेटचा गॅप बहुतेक गाड्यांत इंजिन गार असतानाच मोजतात. तापल्या गाडीला कोणी लगेच पाना लावत असेल तर त्याला थांबवा.