मंग मोटर काय करी?

पन्नाशी उलटली आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. मी गणिताचा मास्तर, पण माझे गुडघे भूगोलाचे. एकेका चढाची नोंद ठेवतात. म्हणून इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायचं ठरवलं. चाळीसगावहून पाटणादेवी, आणि हिंमत झालीच तर कन्नड घाट.

आई ज्वारी निवडत होती.

"पायडल मारनं पडस का?"

"हो, मारावंच लागतं."

"मंग मोटर काय करी?"

मी किंमत निम्मीच सांगितली, तरी ती म्हणाली, "इतलामा दुभती म्हैस ई जाई."

म्हशीला चार्जिंग लागत नाही, हे मला त्या क्षणी सुचलं नाही ते बरंच.

पाटणादेवीजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला, असं त्यात कोरलंय. त्या वाटेने जाणाऱ्याने हिशेबात चुकू नये, म्हणून मी शंभर पानी वही घातली. बॅटरी ३६ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर-तास म्हणजे ५०४ वॅट-तास. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असला की लायसन्स नको, पासिंग नको. हब मोटर चाकात बसते, स्वस्त पडते. मिड-ड्राइव्ह पायडलपाशी असते, गिअरचा फायदा घेते, घाटात तीच बरी. पण चेन लवकर झिजवते. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायर आणि आत भोक बुजवणारं सीलंट. बॅटरीला ऊन सोसत नाही, म्हणजे मे महिन्यात ती घरात पंख्याखाली आणि मी बाहेर.

दोन महिने वही भरली. हिने एकदाही विचारलं नाही, याचा मला संशय यायला हवा होता.

शेवटी मिड-ड्राइव्ह नक्की करून दुकानात गेलो. दुकानदाराने एकच विचारलं, "सर, राहता कितव्या मजल्यावर?"

तिसऱ्या. लिफ्ट नाही. खाली पार्किंगमध्ये सायकलची सीटसुद्धा चोरीला जाते. आणि वजन २३ किलो, हे मीच पान १२ वर लाल पेनाने लिहिलेलं.

घरी आलो. हिला सगळं सांगितलं.

"आधी करून तर बघा," ही म्हणाली. "खाली गव्हाचा कट्टा आलाय, २५ किलोचा."

दोन किलो जास्त, म्हणजे चाचणी अधिक कडक, असं म्हणत मी तो खांद्यावर घेतला. पहिल्या मजल्यावर एकदा टेकलो, दुसऱ्यावर दोनदा. दारात आई उभीच होती.

"मोटर चालस रे!"

ही म्हणाली, "अजून तीन कट्टे आहेत खाली. एका चाचणीवर कसं ठरवणार?"