वायफाय पोचत नाही? आधी भिंतीकडे बघा

‘घरात वायफाय कमी? मोठा प्लॅन घ्या, 5G नावाचंच कनेक्शन पकडा, राउटरच्या दांड्यांची (अँटेनांची) टोकं खोलीकडे रोखा, राउटरमागे फॉइल लावा.’ आमच्या डिचोलीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरतोय.

प्लॅनचं आधी, कारण खिसा तिथे रिकामा होतो. राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट करा, मग आतल्या खोलीत. बाहेर 100 आणि आत 6 एमबीपीएस दिसत असेल, तर 300चा प्लॅन घेऊनही आत हाल तेच. राउटरपाशीच कमी असेल, तर मात्र केबलवाल्याला खुशाल पिडा.

आपल्याकडची खरी अडचण चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत. फायबरवाला वायर वसरीत (ओसरीत) आणतो, दारामागे राउटर टांगतो आणि जातो. मुलांचा अभ्यास मागच्या खोलीत. मध्ये जाड भिंती दोन-तीन, शिवाय लोखंडी कपाट. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून लहरी आणखीच कमी पार होतात.

5Gचं म्हणाल, तर वायफायच्या नावातला तो 5 गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा; मोबाइलच्या 5Gशी त्याचा संबंध नाही. जवळ तो वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतो. चिऱ्याच्या घरात मागच्या खोलीसाठी वायफायचा दुसरा, 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टाच बरा. पणजी-मडगावच्या फ्लॅटांत उलट: शेजाऱ्यांच्या राउटरांनी 2.4 तुंबलेला असतो. तिथे 5 वापरा, नाहीतर 2.4चा चॅनेल (पट्ट्यातला कप्पा) 1, 6, 11पैकी मोकळा असेल त्यावर लावा.

दांडीच्या टोकातून सिग्नल सुटतो हा गैरसमजच. तो दांडीच्या चहूबाजूंनी पसरतो, टोकाच्या दिशेला सर्वांत कमी. बैठ्या घरात दांड्या उभ्या ठेवा, माडी असेल तर एक आडवी करा.

फॉइलमध्ये थोडं तथ्य आहे. धातू लहरी परतवतो, म्हणून राउटर बाहेरच्या भिंतीला असेल तर घराच्या बाजूला जरा जोर येईल. पण फॉइलमागची खोली गेलीच. काहीजण अख्खा राउटर गुंडाळतात, त्यांना काय बोलावं!

मेसेजमध्ये नसलेला उपाय म्हणजे राउटर माजघरात, उंचावर हलवणं. केबलवाला कुरकुरेल, जादा वायरचे पैसे देऊ म्हणा. तेही जमत नसेल तर वाशांवरून लॅन केबल मागे न्या आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारा डबा) बसवा. 100 मीटरपर्यंत चालतं. रिपीटर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) स्वस्त, पण तो लोक नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत खोचतात. त्याला स्वतःलाच काही मिळत नाही, तर पुढे काय देणार? मधल्या खोलीत लावा.