लेसरने नंबर काढलेले डोळे पन्नाशीत 'जातात' म्हणे

परत तोच फॉरवर्ड फिरायला लागलाय. आधी जत्रेच्या कमिटीच्या ग्रुपवर आला, मग भजनी मंडळाच्या, आणि आता लोक मोबाईल घेऊन दुकानात येतात, हे खरं काय हो म्हणून. हात जोडलेले इमोजी बाजूला केले तर मजकूर एवढाच, की लेसर चाळिशी-पंचेचाळिशीत 'उतरतो' आणि परत चष्मा लागतो, पातळ केलेला कॉर्निया म्हातारपणी फुगतो, काचबिंदू-मोतीबिंदू लवकर होतात, आणि मोतीबिंदू झालाच तर अशा डोळ्याचं ऑपरेशन करता येत नाही. मी म्हापशात चष्म्याच्या दुकानात बसतो, डॉक्टर नव्हे, नंबर तपासतो आणि काचा बसवतो. लेसरमुळे आमचं गिऱ्हाईक कमीच होतं, त्यामुळे हे सगळं खरं असतं तर मीच प्रिंट काढून काउंटरवर चिकटवलं असतं.

पहिला मुद्दा, लेसर उतरतो. अरे बाबा, लेसर मारतात तो पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर. चाळिशीनंतर कडक होते ती आतली नैसर्गिक लेन्स, तिला कोणी हातच लावलेला नसतो. ती कडक झाली की जवळचं दिसेनासं होतं, मग तुम्ही लेसर केलेलं असो, नसो, किंवा जन्मात कधी चष्मा लावलेला नसो. फरक पडतो तो मायनसवाल्यांना. मायनस 3 वाला माणूस पन्नाशीतसुद्धा चष्मा काढून पेपर वाचतो, तारल्यांचे काटे काढतो, मजेत असतो. त्याच माणसाने पंचविशीत नंबर काढला असेल तर कदंबच्या बसची पाटी लांबून दिसते पण ताटातला काटा दिसत नाही, आणि मग वाटतं लेसर फुकट गेला. फुकट नाही गेला, चाळिशी आली, सगळ्यांना येते तशी. 'आयुष्यभर चष्म्यातून सुटका' अशी जाहिरात करणाऱ्यांनी मात्र हे आधी सांगायला पाहिजे, या गैरसमजात निम्मा वाटा त्यांचा. आणि हो, मोठा नंबर काढलेल्यांचा थोडासा नंबर परत येऊ शकतो, ते खरंय, पण ती वेगळी गोष्ट.

दुसरा, कॉर्निया म्हातारपणी फुगतो. इथे फॉरवर्डवाल्याने सगळं उलटं केलंय. साधा हिशेब बघा, कॉर्निया साधारण 540 मायक्रॉन जाड असतो, एका नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन जातात, म्हणजे मायनस 4 ला साठेक धरा, वर फ्लॅपचे, म्हणजे लेसर मारण्याआधी कापून उचलतात त्या पातळ पापुद्र्याचे शंभर-सव्वाशे, तरी खाली साडेतीनशे उरतात, आणि निदान 250 उरलेच पाहिजेत, बरेच सर्जन 300 धरून चालतात. फुगण्याचा प्रकार आहे, त्याला एक्टेशिया म्हणतात, पण तो शंभरात एकालाही होत नाही, आणि होतो तो बहुतेक वेळा आधीच कमजोर असलेल्या कॉर्नियाला, ज्याची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, नीट न बघता ऑपरेशन केलं. वय वाढेल तसा कॉर्निया उलट घट्ट होत जातो, धोका जास्त असतो तो फार कमी वयात केलेल्यांना. म्हणून बारावी झाल्या झाल्या, नंबर वर्षभर स्थिर आहे का ते न बघता, शिपवर जायचंय म्हणून घाई करणाऱ्या पोरांची मला जास्त काळजी वाटते. आणि डोळे चोळायची सवय सोडा, लेसर केलेलं असो वा नसो.

ही भीती आली कुठून याचा माझा अंदाज असा. लेसरच्या आधी ब्लेडने कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देऊन नंबर काढायचे, सत्तर-ऐंशीच्या दशकात सोव्हिएत रशियातून ते गाजलं. त्या डोळ्यांचा नंबर पुढे खरंच सरकत राहिला, अमेरिकेतल्या 'पर्क' अभ्यासात 10 वर्षांनी 43 टक्के डोळे निदान एका नंबराने प्लसकडे गेले होते. ती कहाणी लेसरच्या नावावर खपवतात.

डोळे कोरडे पडणं मात्र फॉरवर्डमध्ये नाहीच, आणि ते खरं आहे. फ्लॅप कापताना बारीक नसा तुटतात, बहुतेकांचं सहा महिने-वर्षात सुधारतं, काहींचं राहतं. पुढे वयाने आणि बायकांमध्ये पाळी गेल्यावर कोरडेपणा तसाही वाढतो, त्यात दिवसभर एसी आणि येताना स्कूटरवर वारा. आधीपासून डोळे कोरडे असतील तर ऑपरेशनआधी स्पष्ट विचारा.

काचबिंदू लेसरने होत नाही (नंतरचे स्टेरॉइड ड्रॉप्स लांबवले तर काहींचं प्रेशर वाढतं, म्हणून ते मनाने चालू ठेवायचे नाहीत). खरी गोम वेगळी आहे आणि ती कोणी फॉरवर्ड करत नाही. डोळ्याचं प्रेशर मोजतात ते कॉर्नियावर दाब देऊन, कॉर्निया पातळ असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. मशीन 17 दाखवतं, सगळे खूश, आणि आत असतं 20 च्या वर. डॉक्टरांना माहीत असेल तर ते हिशेब धरतात, डोळ्यामागची नसही तपासतात. पण वीस वर्षांपूर्वी केलेलं लेसर पेशंट सांगतच नाही, विसरलेला असतो, किंवा वाटतं की डोळ्यात बघून कळेलच.

तसंच डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं. मायनस 8 वाल्याचा डोळा लांब असतो, लेसरने नंबर शून्य होतो पण डोळा तेवढाच लांब राहतो, पडदा सुटायचा धोका जिथल्या तिथे. चष्मा गेला म्हणून तपासणी बंद करू नका, आणि वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर दुकानात माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाहीतर सरळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात.

आता मोतीबिंदू. लेसरने लवकर होतो हे चूक, ऑपरेशन होत नाही हे तर साफ खोटं. होतं, नेहमीसारखंच होतं, अवघड असतं ते आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढणं. नेहमीचं मशीन कॉर्नियाचा पुढचा बाक मोजून मागचा अंदाजाने धरतं, लेसरने पुढचा बदललेला असतो, त्यामुळे मायनस काढलेल्या डोळ्यात जुन्या पद्धतीने हिशेब केला तर लेन्स कमी पॉवरची बसते आणि माणूस प्लसमध्ये जातो. यासाठी वेगळे फॉर्म्युले आहेत, बॅरेट ट्रू-के वगैरे, जुने कागद नसले तरी चालतात, असले तर चांगलंच. तेव्हा लेसरच्या आधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी, टोपोग्राफी यांचे फोटो काढून घरातल्या कोणाकडे तरी ठेवा, हॉस्पिटल वीस वर्षं फाईल सांभाळेल या भरवशावर राहू नका. आणि मोतीबिंदूच्या वेळी महागडी मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स घ्या म्हणून कोणी मागे लागलं तर लेसर केलेल्या डोळ्यात ती चालेल का हे आधी विचारा, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर बहुतेक साधीच बरी पडते.