ऑग्सबुर्ग आणि पहिले डिझेल लोकोमोटिव्ह : एक खुलासा

‘जगातील पहिले डिझेल लोकोमोटिव्ह (रेल्वेगाडी ओढणारे वाहन) रूडोल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे तयार केले’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

रोमनांनी वसवलेल्या या प्राचीन जर्मन शहरातील यंत्रकारखान्यात, त्याचे संचालक हाइनरिश फॉन बुत्स यांच्या पाठबळाने, १८९३ पासून डिझेल इंजिनाचे जनक असलेल्या डिझेल यांचे प्रयोग चालले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्स श्र्योटर यांनी ज्याची अधिकृत चाचणी घेतली, ते जमिनीवर पक्के बसवलेले एक-सिलिंडरचे इंजिन होते. त्याला चाकेही नव्हती. सुमारे २६ टक्के कार्यक्षमता (इंधनातील ऊर्जेपैकी प्रत्यक्ष कामात उतरणारा वाटा) ही त्याची खरी कीर्ती, आणि ती ऑग्सबुर्गकडून कोणी हिरावू नये.

रुळांवरील पहिले मोठे डिझेल लोकोमोटिव्ह १९१२ मध्ये आले. त्याचे इंजिन स्वित्झर्लंडमधील विंटरटूरच्या झुल्त्सर कंपनीचे होते, तर सांगाडा बर्लिनच्या बोर्झिगचा. डिझेल त्या उपक्रमात स्वतः सहभागी होते, हे मात्र खरे. डिझेल इंजिन थांबलेल्या अवस्थेत जोर देऊ शकत नाही आणि इथे तर ते चाकांना थेट जोडलेले होते. त्यामुळे गाडी हलवण्यासाठी दाबयुक्त हवा वापरावी लागे, आणि ही रचना नियमित सेवेत टिकली नाही.

ऑग्सबुर्गचा वारसा सांगणाऱ्या एम.ए.एन. कंपनीचे इंजिन १९२४ मध्ये रशियन अभियंते लोमोनोसोव्ह यांच्या रशियासाठीच्या लोकोमोटिव्हला बसवले गेले, ज्यात विद्युत मोटारींमार्फत चाके फिरत. ते लोकोमोटिव्हही ऑग्सबुर्गला नव्हे, जर्मनीतील एस्लिंगेनला बांधले होते.