लाइक आणा, मार्क न्या

तुम्ही मिडल स्कूलला शिकवत असाल, हेडमास्तर असाल किंवा नुसतेच मॅनेजमेंटवर असाल, तर अभिनंदन. वह्या तपासण्याच्या कटकटीतून तुमची सुटका झाली आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांना आता सोशल मीडियावरून शिकवायचे असते. ते कसे, हे या जूनमध्ये मला गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका शाळेने शिकवले. देव बरें करूं. हे ज्ञान एकट्याकडे ठेवणे बरे नव्हे, म्हणून तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात शाळेच्या डायरीपासून करा. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापून घ्या: 'विद्यार्थ्याकडे मोबाईल आढळल्यास जप्त करण्यात येईल.' मग रात्री पावणेअकराला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका: 'डिअर पेरेंट्स, क्रांतिदिनानिमित्त प्रत्येक विद्यार्थ्याने तीस सेकंदांची रील बनवून इन्स्टाग्रामवर टाकावी व शाळेला टॅग करावे. सर्वाधिक लाइक मिळवणाऱ्यांना प्रोजेक्टचे पूर्ण मार्क.' खाली हात जोडलेला इमोजी विसरू नका. त्याखाली 'ओके टीचर', 'ओके टीचर', 'नोटेड टीचर' अशी रांग लागेल. ज्याने प्रोजेक्ट करायचा ते पोर तेव्हा झोपलेले असेल, पण त्याचा इथे काय संबंध?

वयाचा बाऊ करू नका. इन्स्टाग्रामला तेरा वर्षे पूर्ण लागतात आणि सातवीतली मुले बारा वर्षांची असतात, असा मुद्दा एखादा किरकिऱ्या पालक काढेलच. त्याला ग्रुपवरच सांगा, 'जन्मसाल एक वर्ष मागचे टाका, काही होत नाही.' मूल्यशिक्षणाचा तासही त्यातच उरकतो.

नेटवर्क नसलेल्या गावांतल्या मुलांची काळजी नको. 2020च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी-सांगेतली मुले रेंजसाठी डोंगर चढतच होती. वाट त्यांच्या पायाखालची आहे.

विषय निवडताना मात्र भारदस्त निवडा, म्हणजे तीस सेकंदांत कोंबायला मजा येते. आता 18 जूनचा गोवा क्रांतिदिनच घ्या. डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी येतात काय, इथली दडपशाही ऐकून सभा घ्यायचे ठरवतात काय, आणि 18 जून 1946 ला बंदी झुगारून मडगावात उभे राहतात काय. लगेच अटक. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नव्हती. लोक कशासाठी जमले होते, हे बारा वर्षांच्या मुलाला समजावायला एक अख्खा तास, थोडी गोष्ट सांगायची हौस आणि स्वतः वाचलेले चार कागद लागतात. रीलला फक्त गाणे लागते.

आता मुख्य भाग, मूल्यमापन. माझी मुलगी सातवीत आहे. रील करायची नाही, हे मी घरी सांगितले. तिने पुस्तके आणून वाचली आणि चार्टपेपरवर असोळण्यापासून मडगावपर्यंतचा नकाशा काढला. साळ नदीला निळा रंग दिला, तो थोडा बाहेर गेला. खाली स्वतःच्या अक्षरांत बारा-पंधरा ओळी लिहिल्या. टीचरने चार्ट ठेवून घेतला आणि निरोप पाठवला: 'डिजिटल फॉर्ममध्ये सबमिट करा, नाहीतर मार्क देता येणार नाहीत.' दुसरीकडे, पहिला नंबर आलेली रील पाहा. बाबांनी लग्नाचे शूटिंग करणारा फोटोग्राफर बोलावला होता, ड्रोनसकट. लोहिया मैदान वरून दिसते, पाऊस पडतो, मुलगा पुतळ्यासमोर गॉगल लावून वळतो, मागे कसले तरी ढिंच्याक गाणे. आणि पडद्यावर सोनेरी अक्षरांत झळकते: '18 जून 1964'. होय, चौसष्ट! गोवा मुक्त होऊन अडीच वर्षे झाल्यावर, पणजीत भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना, लोहियांनी मडगावात क्रांतीचे रणशिंग फुंकले. कोणाविरुद्ध? भाऊसाहेबांविरुद्ध? शाळेच्या अकाउंटने त्यावर आग आणि टाळ्यांचे इमोजी टाकले. टीचरने लाइक केली, हेडमास्तरांनी लाइक केली, इतिहास शिकवणाऱ्या सरांनीही केली. एकाने तरी साल वाचले का? लाइक करायला वाचावे लागत नाही, हीच तर या पद्धतीची सोय आहे! मुलाचा दोष नाही. बारा वर्षांचे पोर चुकणारच, आकडे उलटेपालटे होणारच. पण चूक दाखवायला ज्याला वर्गात उभे केले आहे, तो लाइकचे आकडे मोजत बसला होता. आणि लाइक कुठून आले? दुबईच्या मामाकडून, बाबांच्या ऑफिसातून, सोसायटीच्या ग्रुपवरून, 'आमच्या बाबूला प्लीज सपोर्ट करा' असे मेसेज मारून. मार्क मिळाले ते बाबांच्या ओळखीपाळखीला. ज्याचा बाप कदंबच्या सरकारी बसवर ड्रायव्हर आहे, ज्याची आई बाजारात भाजी विकते आणि जिच्याकडे बटणांचा फोन आहे, त्या पोराने लाइक कुठून आणायचे? त्याला इतिहास येत असेल तर काय त्याचे लोणचे घालायचे?

असो. मी उपरोधाने लिहायचे ठरवले होते.

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना या मंचांवर खाती ठेवायला बंदी घातली. बिचारी तिथली पोरे, अडाणी राहणार.

रिप्लाय फक्त अ‍ॅडमिनला देता येईल अशी सेटिंग ठेवा. पालकांच्या शंका आपोआप मिटतात.

आणि हो, इंटरनेट वर्गात वापरताच येत नाही असे म्हणणारा मी नव्हे. पावसाळ्यात साळावली धरण भरले की त्या गोल सांडव्यात पाणी कसे कोसळते, याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. एखाद्या मास्तराने त्यातला एक आधी स्वतः पाहावा, प्रोजेक्टरवर लावावा, मध्येच थांबवून विचारावे, 'इथे पाणी कडेवरून सांडते, दरवाजा उघडावा लागत नाही, ते का?' आणि मुलांना भांडू द्यावे. यात मुलाला खाते काढावे लागत नाही, चेहरा दाखवावा लागत नाही, कोणाकडे लाइकची भीकही मागावी लागत नाही. फक्त मास्तराला तयारी करावी लागते. म्हणूनच बहुधा हा प्रकार मागे पडला असावा.

शेवटची टीप, आणि ही नीट ऐका. मार्कांसाठी जो चार्ट चालला नाही, तो शाळेच्या अकाउंटवर चालतो. 'क्रिएटिव्हिटी अ‍ॅट इट्स बेस्ट' म्हणून शाळेने रील काढली. त्यात माझी मुलगी युनिफॉर्ममध्ये तो चार्ट धरून उभी आहे. चार्टच्या कोपऱ्यात तिचे नाव आणि वर्ग, खिशावर शाळेचा बिल्ला, मागे गेटवरचा बोर्ड. अकाउंट सगळ्या जगाला खुले. खाली कोणा अनोळखी बाप्याची कमेंट: 'क्यूट. डीएम कर.' पुढे तीन हृदये. मी शाळेत गेलो. उत्तर मिळाले, 'कमेंट इग्नोर करा. आणि अ‍ॅडमिशन फॉर्मवर तुमची सही आहे, शाळेच्या उपक्रमांना संमती म्हणून.'

ही संमती? स्नेहसंमेलनात नाच बसवायला दिलेली सही तुम्ही पोरीचा चेहरा, नाव आणि पत्ता रस्त्यावर मांडायला वापरता? संसदेने 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालचे मूल म्हणजे मूलच आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या म्हटले आहे. कायदा राहू द्या. बारा वर्षांच्या मुलीला परका माणूस असे लिहितो आणि तुम्ही म्हणता इग्नोर करा, यात तुम्हाला काहीच वाटत नाही?

हे शिक्षण नव्हे, तुमची जाहिरात आहे. मुले घटताहेत, पट टिकवायचा आहे, शेजारच्या शाळेचे फॉलोअर जास्त आहेत, हे सगळे समजते. टीचरवरही वरून दबाव असतो, रोज कसले ना कसले फोटो पाठवावे लागतात, तेही समजते. मग जाहिरात पैसे मोजून करा. आमची पोरे फुकटात उभी करू नका आणि त्याला प्रोजेक्ट म्हणू नका. ती रील आज काढा, उद्या नव्हे. अकाउंटवर मुलांचे जे जे आहे ते सगळे काढा. रात्री पावणेअकराला मेसेज पाठवणे बंद करा. आणि माझ्या मुलीचा चार्ट वाचा, लाल पेनने चुका काढा आणि काय ते मार्क द्या. तेवढ्याच कामासाठी सरकार तुम्हाला पगार देते.